दुहेरी बंधाचे शेजारी : ॲलाइलिक, व्हिनाइलिक, बेन्झाइलिक – नेमकं कुणाला काय म्हणायचं?

निळी_शाई (धागाकर्ती)

विज्ञान विभागात रसायनशास्त्राचे धागे फारसे दिसत नाहीत, म्हणून जरा बिचकतच टाकतेय.

लेक बारावीला आहे. हॅलोअल्केनचा धडा सुरू झाला आणि घरात वादाला तोंड फुटलं. प्रश्न असा: १-मिथिलसायक्लोहेक्झीनमध्ये ॲलाइलिक हायड्रोजन किती? क्लासच्या उत्तरसूचीत ४ दिलंय, लेक म्हणते ७. मी एके काळी बी.एस्सी. केलेलं, त्यामुळे पंच म्हणून मला उभं केलं गेलं.

खरा घोळ व्याख्येत आहे. "दुहेरी बंधाच्या शेजारचा कार्बन" एवढं तिला पाठ आहे. पण दुहेरी बंध असतो दोन कार्बनच्या मध्ये. मग शेजारचा म्हणजे बंध धरून बसलेला की त्याच्या पलीकडचा? बेंझीनच्या कड्यापाशी तर आणखी गडबड. टोल्यूइनचा मिथिल बेन्झाइलिक म्हणतात, मग क्लोरोबेंझीनमधला क्लोरीन कोण? आणि दालचिनीतल्या त्या सिनॅमिल अल्कोहोलमध्ये कडंही आहे आणि दुहेरी बंधही, तिथे काय करायचं?

पाठांतराच्या युक्त्या नकोत, त्या क्लासमध्ये पोत्याने मिळतात. १, २, ३ असे सरळ आकडे असताना ही वेगळी नावं लागतातच कशाला, हे कुणी नीट सांगेल का?

काटेकोर

लेक बरोबर आहे. ७.

दुहेरी बंध क्रमांक १ आणि २ मध्ये. १ ला चिकटलेत मिथिल (३ हायड्रोजन) आणि कड्यातला ६ (२ हायड्रोजन). २ ला चिकटलाय कड्यातला ३ (२ हायड्रोजन). ३+२+२. उत्तरसूचीवाल्याने कड्यातले मोजले आणि बाहेर लोंबणारा मिथिल सोडून दिला.

आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या गोल्ड बुकात (व्याख्यांच्या कोशात) ॲलाइलिक स्थान म्हणजे त्या गटातला संतृप्त (फक्त एकेरी बंध असलेला) कार्बन, असं सरळ लिहिलंय. म्हणजे बंध धरून बसलेला नव्हे, पलीकडचा.

चष्मेबहाद्दर

+१. आणि एवढं लक्षात ठेवलं की पेपर सुटतो: ॲलाइलिक, बेन्झाइलिक = स्थिर, झटपट प्रक्रिया. व्हिनाइलिक, अराइल = अस्थिर, प्रक्रिया नाही. बाकी सगळा पाल्हाळ.

मिरजकर_मास्तर

ताई, प्रश्न फार चांगला विचारलात. निवृत्त झाल्यापासून फळा हाताशी नाही, तेव्हा इथेच लिहितो. लांबेल.

"शेजारचा" या शब्दापासून सुरुवात करू नका. आधी रेणूतले एसपी२ कार्बन, म्हणजे दुहेरी बंध धरून बसलेले, शोधा. कार्बन-कार्बन दुहेरी बंधाची दोन्ही टोकं म्हणजे व्हिनाइलिक कार्बन. त्यांच्यावर बसलेला हायड्रोजन किंवा क्लोरीन व्हिनाइलिक. आता या टोकांना एकेरी बंधाने जोडलेले एसपी३ कार्बन, म्हणजे चारही बंध एकेरी असलेले, पाहा. ते ॲलाइलिक. त्याच्याही पुढचा एसपी३ कार्बन होमोॲलाइलिक. तिहेरी बंधाशेजारच्या एसपी३ कार्बनला प्रोपार्जिलिक म्हणतात.

बेंझीनच्या कड्याला हाच नियम. कड्यातला कार्बन अराइल, कड्याला चिकटलेला एसपी३ कार्बन बेन्झाइलिक. म्हणून क्लोरोबेंझीन हा अराइल क्लोराइड आणि बेन्झाइल क्लोराइड (कडं, मग एक सीएच२, मग क्लोरीन) हा बेन्झाइलिक. दोघांच्या सूत्रात एका सीएच२चा फरक, वागण्यात जमीन-अस्मानाचा.

तो फरक दिसावा म्हणून मी वर्गात चार परीक्षानळ्या लावायचो. अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं सिल्व्हर नायट्रेट प्रत्येकीत थोडं. पहिलीत ॲलाइल क्लोराइड, दुसरीत बेन्झाइल क्लोराइड, तिसरीत १-क्लोरोब्यूटेन, चौथीत क्लोरोबेंझीन. पहिल्या दोन नळ्यांत पांढरा साका लगेच. तिसरी गरम केल्यावर हळूहळू गढूळ होते. चौथी कितीही तापवा, ढिम्म. क्लोरोबेंझीनमध्ये कार्बन-क्लोरीन बंधाची लांबी १६९ पिकोमीटर, साध्या अल्किल क्लोराइडमध्ये १७७. बंध आखूड आणि घट्ट, कारण कार्बन एसपी२ आहे आणि क्लोरीनची इलेक्ट्रॉनजोडीही कड्यात थोडी गुंतलेली.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आकडे असताना नावं कशाला. सायक्लोहेक्झीन घ्या. त्याच्या ॲलाइलिक कार्बनवर ब्रोमीन बसवला की नाव होतं ३-ब्रोमोसायक्लोहेक्झीन. त्याच जागी हायड्रॉक्सिल बसवला की नाव होतं सायक्लोहेक्स-२-ईन-१-ऑल. जागा तीच, पण क्रमांक ३ चा १ झाला, कारण नाव देताना अल्कोहोलला दुहेरी बंधापेक्षा मान जास्त आणि ब्रोमीनला कमी. आकडा ठरतो अख्ख्या रेणूच्या नावावरून. तुमच्या दुहेरी बंधाशी त्या कार्बनचं नातं काय, हे आकडा सांगत नाही. ते नातं एका शब्दात सांगायला ॲलाइलिक हा शब्द. स्टेरॉइडसारख्या चार कड्यांच्या रेणूत तर "क्रमांक ७" म्हटल्याने नवख्याला काहीच कळत नाही. "कड्यातल्या दुहेरी बंधाला लागून असलेला ॲलाइलिक" म्हटलं की ऑक्सिडेशन कुठे होणार ते कळतं. कोलेस्टेरॉलचं तसंच आहे. दुहेरी बंध ५ आणि ६ मध्ये, आणि हवेतला ऑक्सिजन पहिला घाव घालतो ७ वर.

सिनॅमिल अल्कोहोलचं नंतर लिहितो, जेवायला बोलावताहेत.

कोकणी_खवय्या

दंडवत मास्तर! मला यातलं शष्प कळत नाही, पण ॲलाइल हा शब्द लसणाच्या गोळ्यांच्या बाटलीवर वाचलाय. तोच का हा?

उत्तरा_

तोच. १८४४ मध्ये थिओडोर वेर्टहाइम यांनी लसणाच्या तेलावर काम करताना त्यातल्या गटाला हे नाव दिलं, लसणाच्या लॅटिन नावावरून. तीन कार्बन, शेवटच्या दोघांत दुहेरी बंध, आणि गंधक चिकटलेला पहिल्या कार्बनला. म्हणजे गंधक ॲलाइलिक जागी.

तुम्ही खवय्ये आहात म्हणून पुढची गंमत. लसणात ॲलीन नावाचं संयुग असतं. पाकळी ठेचली की पेशीतलं विकर त्यावर काम करतं आणि ॲलिसिन तयार होतं. ठेचलेल्या लसणाचा तो भपकारा त्याचाच. कांद्यात याचंच भावंड असतं, आयसोॲलीन. अणू तेच, तितकेच. फरक एवढाच की दुहेरी बंध एक घर सरकून गंधकाला लागून आलाय. म्हणजे लसणात गंधक ॲलाइलिक कार्बनवर आणि कांद्यात व्हिनाइलिक कार्बनवर. कांदा चिरल्यावर डोळ्यांत पाणी आणणारा वायू या आयसोॲलीनपासून होतो, त्यासाठीचं खास विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधून काढलं. लसूण सोलून हात चिकट होतात, वास दोन दिवस जात नाही, पण कुणी रडत नाही. दुहेरी बंध एक घर इकडे की तिकडे, एवढ्यावर ते ठरतं.

कोकणी_खवय्या

काय सांगता! आणि मोहरी? फेसलेली मोहरी नाकात जाते ती?

उत्तरा_

ॲलाइल आयसोथायोसायनेट. पुन्हा ॲलाइलच. मोहरीत ते आयतं नसतं. दाणा पाण्याबरोबर फेसला की सिनिग्रिन आणि मायरोसिनेज नावाचं विकर एकत्र येतात आणि ते तयार होतं. फोडणीत आख्खी मोहरी कडकडीत तेलात पडते, विकर तिथेच मरतं, म्हणून तडतडलेली मोहरी नाकात जात नाही. लोणच्याला मोहरी फेसूनच घालतात ती याचसाठी.

पंतांचा_वाडा

अवांतर: धागा रसायनशास्त्राचा की रुचिराचा? ह. घ्या.

एमआयडीसी_वाला

बल्क ड्रगमध्ये आहे, त्यामुळे रोजचा संबंध. नवीन ट्रेनी आला की पहिल्या आठवड्यात त्याला तीन नावं वेगळी करून दाखवावी लागतात: फेनिल, बेन्झाइल, बेन्झॉइल. फेनिल म्हणजे नुसतं कडं. बेन्झाइल म्हणजे कडं अधिक सीएच२. बेन्झॉइल म्हणजे कडं अधिक कार्बोनिल (ऑक्सिजनशी दुहेरी बंध असलेला कार्बन). लॅब नोटबुकात आपण त्यांना पीएच, बीएन आणि बीझेड लिहितो, आणि घाईत लिहिलेला एन आणि झेड सारखाच दिसतो. बेन्झाइल क्लोराइड आणि बेन्झॉइल क्लोराइड दोन्ही बिनरंगी, दोन्ही डोळ्यांना झोंबणारी, दोन्ही ड्रममधून येतात. आमच्याकडे स्टोअरच्या रजिस्टरला दोघांची पानं मुद्दाम लांब ठेवलीत.

कामाच्या दृष्टीने बेन्झाइलिक जागेचा सगळ्यात मोठा उपयोग झाकणासारखा. अल्कोहोलवर बेन्झाइल गट चढवायचा, बाकीचं संश्लेषण उरकायचं, शेवटी पॅलेडियम-कार्बन आणि हायड्रोजन लावला की बेन्झाइलिक कार्बन आणि ऑक्सिजनमधला बंध तुटतो आणि टोल्यूइन होऊन निघून जातो. त्या जागी फेनिल असता तर असा सहज निघाला नसता.

आणि मास्तरांच्या यादीत एक भर. टोल्यूइन, एथिलबेंझीन, क्यूमीन, सगळ्यांना पोटॅशियम परमँगनेटमध्ये उकळलं की साखळी कितीही लांब असो, बेन्झोइक ॲसिडच मिळतं. पण टर्शरी ब्यूटिलबेंझीन तसंच राहतं. का, ते ताईंच्या लेकीला विचारा.

निळी_शाई

विचारलं. म्हणाली, "बेन्झाइलिक कार्बन आहे, पण त्याच्यावर हायड्रोजनच नाही." मग मलाच विचारलं, की बेंझीनपेक्षा टोल्यूइन कमी विषारी म्हणतात त्याचा याच्याशी संबंध आहे का?

एमआयडीसी_वाला

लेकीला माझ्यातर्फे शाबासकी. संबंध अगदी थेट आहे. यकृताला टोल्यूइनमध्ये बेन्झाइलिक मिथिल ही सोपी जागा मिळते. त्याचा बेन्झाइल अल्कोहोल, मग बेन्झोइक ॲसिड, त्याला ग्लायसिन जोडून हिप्युरिक ॲसिड, आणि लघवीवाटे बाहेर. बेंझीनला अशी जागाच नाही, त्यामुळे ऑक्सिडेशन कड्यावरच होतं आणि तिथून जे पदार्थ निघतात ते अस्थिमज्जेला घातक. टोल्यूइन निरुपद्रवी नाही बरं का, मेंदूवर परिणाम करतं, पण रक्ताच्या कर्करोगाचं जे भय बेंझीनचं आहे ते त्याचं नाही.

कामगारांच्या तपासणीत हिप्युरिक ॲसिड मोजतात ते यासाठीच. फक्त आदल्या दिवशी सोडियम बेन्झोएट घातलेलं बाटलीबंद लोणचं किंवा सरबत पोटात गेलं असेल तर आकडा उगाच चढतो.

चष्मेबहाद्दर

म्हणजे मी पहिल्यांदा लिहिलं तेच. ॲलाइलिक, बेन्झाइलिक = स्थिर. इतकं फिरून तिथेच आलो.

उत्तरा_

नाही हो, तिथे नाही आलो. तुमचं समीकरण परीक्षेला चालेल, पण त्यात जागा आणि परिणाम एकच धरलेत. ॲलाइलिक, बेन्झाइलिक ही पत्त्यांची नावं आहेत. त्या पत्त्यावर स्थैर्य मिळेलच असं नाही.

स्थैर्य कुठून येतं ते आधी बघा. ॲलाइलिक कार्बनवरचा हायड्रोजन काढला की तिथे एक रिकामी किंवा अर्धी भरलेली पी-कक्षा (इलेक्ट्रॉनची डंबेलच्या आकाराची जागा) उरते. ती शेजारच्या पाय बंधाच्या (दुहेरी बंधातल्या दुसऱ्या बंधाच्या) कक्षांना समांतर उभी राहिली तर इलेक्ट्रॉन तीन कार्बनभर पसरतो. आकड्यांत: इथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला सुमारे ४२० किलोजूल प्रति मोल लागतात, प्रोपीनमधला ॲलाइलिक तोडायला सुमारे ३७०, टोल्यूइनमधला बेन्झाइलिक सुमारे ३७५. व्हिनाइलिक मात्र ४६० च्या पुढे, आणि बेंझीनच्या कड्यावरचा ४७० च्या आसपास.

व्हिनाइलिक जागा पाय बंधाच्या अगदी मांडीवर आहे, मग तिला फायदा का नाही? कारण तिथला हायड्रोजन काढल्यावर उरणारी कक्षा पाय बंधाशी काटकोनात असते. जवळ असून भेट नाही.

आता खरी परीक्षा. ट्रिप्टिसीन नावाचा रेणू आहे, पॉल बार्टलेट यांनी १९४२ मध्ये पहिल्यांदा बनवला. पाणचक्कीच्या तीन पात्यांसारखी तीन बेंझीन कडी, आणि दोन टोकांना एकेक एसपी३ कार्बन ज्याला तिन्ही कडी जोडलेली. व्याख्येने तो कार्बन तिहेरी बेन्झाइलिक. चष्मेबहाद्दरांच्या समीकरणाने तिथला ब्रोमीन हात लावताच सुटायला हवा. साधा ट्रायटिल क्लोराइड, जिथे तीन फेनिल मोकळेपणी लटकलेत, तो खरोखरच चटकन सुटतो; त्याच्यापासून मोझेस गोम्बर्ग यांनी १९०० मध्ये पहिला टिकाऊ मुक्त मूलक (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा कण) मिळवला. पण ब्रोमोट्रिप्टिसीन सिल्व्हर नायट्रेटला दाद देत नाही. पिंजऱ्यात अडकलेला तो कार्बन सपाट होऊ शकत नाही, त्याची कक्षा तिन्ही कड्यांच्या पाय ढगाशी काटकोनात, आणि मागून हल्ला करायचा तर मागे पिंजराच. पत्ता तिहेरी बेन्झाइलिक, वागणूक मास्तरांच्या चौथ्या नळीसारखी.

काटेकोर

उत्तम उदाहरण. जोड-कड्याच्या कोपऱ्यातल्या अशा कार्बनला ब्रिजहेड म्हणतात आणि द्विचक्री रेणूंत क्रमांकांची सुरुवात तिथूनच होते, आधी लांब पूल, मग त्याहून आखूड. ब्रेट यांचा १९२४ चा नियम त्याच कोपऱ्याचा: लहान पिंजऱ्यात ब्रिजहेडवर दुहेरी बंध टिकत नाही. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात नील गर्ग यांच्या गटाने असे बंध क्षणभर तयार करून त्यांना लगेच दुसऱ्या रेणूने पकडून दाखवलं, पण बाटलीत भरून ठेवता येतील असे ते नव्हेत.

चष्मेबहाद्दर

ट्रिप्टिसीन सीईटीला येत नाही.

मिरजकर_मास्तर

येत नाही, खरंय. पण सायक्लोहेक्झीन येतं, आणि तिथेही हेच छोट्या प्रमाणात आहे. ॲलाइलिक कार्बनवरचे दोन हायड्रोजन सारखे नसतात. एक कड्याच्या पातळीला जवळजवळ उभा, एक जवळजवळ आडवा. उभा असलेला पाय कक्षांना समांतर, म्हणून तो आधी निघतो. पत्ता दोघांचा एकच.

आता सिनॅमिल अल्कोहोल, सकाळी अर्धवट राहिलं होतं. कडं, त्याला सीएच, दुहेरी बंधाने पुढचा सीएच, मग सीएच२, मग हायड्रॉक्सिल. हायड्रॉक्सिलचा कार्बन ॲलाइलिक, यात शंका नको. कड्याला चिकटलेला सीएच मात्र बेन्झाइलिक म्हणू नये, कारण तो एसपी२ आहे, तो व्हिनाइलिक. काही लोक सैलपणे म्हणतात, परीक्षेत म्हणू नका.

याच्या उलट लवंग. लवंगतेलातल्या युजेनॉलमध्ये कड्याला सीएच२ आणि त्यापुढे दुहेरी बंध. तो सीएच२ एकाच वेळी ॲलाइलिक आणि बेन्झाइलिक. दोन्ही बाजूंनी ओढ, म्हणून त्याचा हायड्रोजन सैल. अल्कलीत गरम केलं की दुहेरी बंध सरकून कड्याला चिकटतो आणि आयसोयुजेनॉल मिळतं. पूर्वी लवंगतेलापासून व्हॅनिलिन करायचे ते याच वाटेने.

निळी_शाई

मास्तर, लेकीचा पुढचा प्रश्न: ॲसिटोनमध्येही दुहेरी बंध आहे, कार्बन आणि ऑक्सिजनमध्ये. मग त्याच्या मिथिलला ॲलाइलिक का नाही म्हणायचं?

पंतांचा_वाडा

लेकीलाच सभासद करून घ्या ताई, मध्यस्थ कशाला.

काटेकोर

कारण ॲलाइलिकची व्याख्या कार्बन-कार्बन दुहेरी बंधापुरती आहे. कार्बोनिलशेजारच्या कार्बनला अल्फा म्हणतात. वेगळं नाव द्यावं इतका फरकही आहे. प्रोपीनच्या ॲलाइलिक हायड्रोजनचं पीकेए (आम्लतेचा आकडा, जितका लहान तितकी आम्लता जास्त) सुमारे ४३, ॲसिटोनच्या अल्फा हायड्रोजनचं २० च्या आसपास. म्हणजे आम्लतेत दहाच्या विसाव्या घाताहून अधिक तफावत, कारण ऋणभार ऑक्सिजनवर जाऊन बसतो.

मात्र ग्रीक अक्षरं जपून वापरा. अल्कोहोल आणि हॅलाइडमध्ये अल्फा म्हणजे ज्या कार्बनवर तो गट आहे तो. कार्बोनिलमध्ये अल्फा म्हणजे कार्बोनिलच्या पुढचा. सायक्लोहेक्स-२-ईनोनमध्ये तर अल्फा आणि बीटा दोन्ही कार्बन व्हिनाइलिक आहेत, आणि ॲलाइलिक म्हणावा असा कार्बन गॅमा, क्रमांक ४. कार्बोनिलच्या दुसऱ्या बाजूचा ६ हा अल्फा-प्राइम. बेस थंडीत आणि झटपट घातला तर अल्फा-प्राइमचा हायड्रोजन निघतो. समतोल साधू दिला तर गॅमाचा.

कोकणी_खवय्या

आणि अल्फा-पायनीन, बीटा-पायनीन? टर्पेंटाइनच्या डब्यावर असतं ते. तिथे अल्फा कार्बन कुठला?

काटेकोर

तिथे कुठलाच नाही. ते नुसतं भावंडांना दिलेलं ओळखीचं अक्षर. अल्फा-पायनीनमध्ये दुहेरी बंध कड्याच्या आत, बीटामध्ये कड्याच्या बाहेर डोकावणारा. नॅफ्थलीनमध्ये मात्र अल्फा म्हणजे खरोखर जागा: १, ४, ५, ८. ओमेगा-३ मध्ये मोजणी उलट्या टोकाकडून. एकाच लिपीचे इतके वापर केलेत की कुणालाही चक्कर यावी, आणि ते बदलण्याची आशा आता नाही.

वऱ्हाडी_ठेचा

ओमेगा-३ निघालंच आहे तर. आमच्याकडे जवसाचं तेल आठवड्यात खवट होतं, शेंगदाण्याचं महिनोन्महिने चालतं, खोबरेल तर विचारूच नका. यात तुमचं ते ॲलाइलिक आहे का?

उत्तरा_

पुरेपूर आहे. शेंगदाणा तेलात निम्म्याच्या आसपास ओलेइक आम्ल. त्यात एक दुहेरी बंध, ९ आणि १० मध्ये, म्हणजे ८ आणि ११ ॲलाइलिक. करडईच्या तेलात बहुतांश लिनोलेइक: दुहेरी बंध ९ आणि १२ वर, आणि मधला ११ वा कार्बन दोन्हींना ॲलाइलिक. त्याला बिसॲलाइलिक म्हणतात. तिथला हायड्रोजन तोडायला सुमारे ३२० किलोजूल पुरतात. जवसात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक, दुहेरी बंध ९, १२, १५ वर, म्हणजे बिसॲलाइलिक जागा दोन, ११ आणि १४.

हवेतला ऑक्सिजन शिरतो तो याच जागांतून. मूलक तयार होतो, ऑक्सिजन जोडला जातो, तो पुढच्या रेणूचा हायड्रोजन ओढतो, आणि साखळी चालू. लिनोलेइक ओलेइकपेक्षा दहापटीच्या घरात वेगाने बिघडतं, लिनोलेनिक त्याच्याही पुढे. खोबरेलात असंतृप्त आम्लं अगदी थोडी, म्हणून ते या वाटेने फारसं बिघडत नाही.

हाच "दोष" रंगाऱ्याला हवा असतो. जवसाचं तेल लाकडावर किंवा क्रिकेटच्या बॅटवर चोळलं की सुकतं म्हणतात, पण त्यातून काही उडून जात नाही; बिसॲलाइलिक जागांवरून रेणू एकमेकांना जोडले जाऊन पापुद्रा धरतो. त्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ऑक्सिडेशनची उष्णता आत कोंडून त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात टाका.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या सुताराने हे सांगितलं होतं, कारण आज कळलं. वाचनखूण साठवली.

एमआयडीसी_वाला

प्लास्टिकमधलं एक राहिलं. पीव्हीसी म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड, पण पाइपात व्हिनाइलिक क्लोरीन शोधाल तर सापडणार नाही. दुहेरी बंध होता व्हिनाइल क्लोराइड या वायूत. साखळी जुळताना तो संपला, क्लोरीन आता एसपी३ कार्बनवर. नाव कच्च्या मालाचं राहिलं.

सगळे क्लोरीन असे साध्या जागी असते तर पीव्हीसी बराच तापला तरी टिकला असता. पण साखळीत कुठेकुठे चुकून दुहेरी बंध राहतो आणि त्याच्या शेजारचा क्लोरीन ॲलाइलिक होतो. तो आधी सुटतो, हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो, तिथे नवा दुहेरी बंध तयार होतो, म्हणून पुढचा क्लोरीन ॲलाइलिक होतो, मग तो सुटतो. असं ओळीने. एकाआड एक दुहेरी बंधांची रांग लांबली की रंग पिवळा, मग तपकिरी. गच्चीवरचे जुने पाइप पिवळे पडतात त्यात मोठा वाटा याचा. पाइप काढताना स्थिरक घालतात, ते मुख्यतः हे सैल क्लोरीन बदलून टाकायला आणि सुटलेलं आम्ल शोषायला.

चष्मेबहाद्दर

बरं, हे आवडलं. माझं समीकरण मागे घेत नाही, पण खाली "कक्षा समांतर असेल तर" अशी टीप लावतो.

निळी_शाई

सगळ्यांचे आभार. लेकीने आता स्वतः टंकायला घेतलंय, पुढचं तिचं:

काका, सर, ऑक्ट-१-ईनवर एनबीएस (ॲलाइलिक जागी ब्रोमीन बसवणारं रसायन) लावलं तर पुस्तकात दोन उत्तरं दिलीत, ३-ब्रोमोऑक्ट-१-ईन आणि १-ब्रोमोऑक्ट-२-ईन. ॲलाइलिक कार्बन एकच आहे, क्रमांक ३. मग दुसऱ्यात ब्रोमीन १ वर कसा गेला? १ तर व्हिनाइलिक ना?

मिरजकर_मास्तर

बाळ, सुरुवातीला १ व्हिनाइलिकच आहे. हायड्रोजन निघतो तोही ३ वरूनच. पण तो निघाल्यावर जो मूलक उरतो त्यात अयुग्म इलेक्ट्रॉन एकट्या ३ वर बसत नाही. तो १ आणि ३ दोन्हीकडे असतो, आणि दुहेरी बंध १-२ मध्ये आहे की २-३ मध्ये, हे तेव्हा ठरलेलं नसतं. ब्रोमीन ३ वर जोडला तर बंध १-२ मध्ये राहतो. १ वर जोडला तर बंध २-३ मध्ये सरकतो, आणि मग १ हा एसपी३ होऊन ॲलाइलिक बनतो. दोन्ही उत्तरांत ब्रोमीन ॲलाइलिकच आहे, वहीत चित्र काढून बघ.

दुसरं उत्पादन जास्त मिळतं. टोकाच्या कार्बनला ब्रोमीनसाठी वाट मोकळी, आणि आतल्या बाजूचा दुहेरी बंध जास्त स्थिर. सिस-ट्रान्समध्ये ट्रान्स जास्त.

आता ऑक्ट-१-ईनच्या जागी सायक्लोहेक्झीन घे आणि सांग, तिथे एकच उत्पादन का लिहितात.

निळी_शाई

(लेक) कारण १ वर जोडला काय आणि ३ वर जोडला काय, कड्याला दोन्ही बाजू सारख्याच, पुन्हा मोजलं की ३-ब्रोमोच येतो?

मिरजकर_मास्तर

बरोबर. आता हेच १-मिथिलसायक्लोहेक्झीनवर करून बघ. तिथे बाजू सारख्या नाहीत, तीन ठिकाणांहून हायड्रोजन निघू शकतो, त्यामुळे यादी लांब होईल. सगळी उत्पादनं काढून इथे टाक, तपासतो.